लेव्हल वाढली, भूमिकेचं काय?

आरपीजी खेळणाऱ्या कुठल्याही मित्राला विचारा, "कुठवर आलास?" उत्तर बहुतेक वेळा आकड्यांत येतं. लेव्हल ६२. नव्वद तास झाले. मॅप सत्तर टक्के उघडला. नवी तलवार मिळाली, डॅमेज दुप्पट. आता त्यालाच दुसरा प्रश्न विचारा, "बरं, पण त्या गेममध्ये तू आहेस कोण?" इथे बरेच जण अडखळतात. "कोण म्हणजे? हिरो!" एवढंच उत्तर मिळतं.

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम. नावातच रोल आहे, म्हणजे भूमिका. तरीही या गेम्सबद्दल आपण बोलतो ते ग्राफिक्स, तास, मॅपचा आकार आणि बिल्ड यांवर. रिव्ह्यूसुद्धा बऱ्याचदा याच मापांनी होतात. माझी कसोटी वेगळी आहे. एकच गेम संपवलेले दोन मित्र कँटीनमध्ये बसले आणि "तू असं का केलंस?" यावरून त्यांच्यात जुंपली, तर तो चांगला आरपीजी. "तुझ्याकडे तलवार कुठली होती?" एवढ्यावरच बोलणं संपलं, तर तो हिशेबाचा गेम. हिशेबाचे गेमही मजेदार असतात, पण त्यांना भूमिकेचं श्रेय कशाला द्यायचं?

हा प्रश्न नुसता शब्दांचा नाही. एक मोठा आरपीजी साठ ते शंभर तास खातो. एका विषयाच्या सेमिस्टरभराच्या लेक्चर्सनाही एवढे तास लागत नाहीत. एवढा वेळ एखाद्या गोष्टीला द्यायचा, तर तिच्याकडून आपल्याला काय मिळतंय हे विचारायला हवं की नको?

फासे आले, माणूस राहिला

आधी हे आकडे आले कुठून ते बघू. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावर बसून खेळायचा गेम काढला. तो युद्धाच्या बोर्ड गेम्समधून जन्माला आला होता. त्यामुळे ताकद, चपळाई, जखमा, अनुभव, सगळं आकड्यांत मोजलेलं. पण टेबलाच्या एका टोकाला एक जिवंत माणूस बसलेला असायचा, डंजन मास्टर. तुम्ही म्हणालात, "मी राक्षसाशी लढत नाही, त्याला जेवायला बोलावतो," तर तो हसायचा, दोन क्षण विचार करायचा आणि मग फासे टाकायला सांगायचा. आकडे होते, पण ते त्या माणसाच्या कल्पनेला मदत करायला.

कॉम्प्युटरवर हा खेळ आला तेव्हा फासे सहज आले. गणित हे तर यंत्राचं आवडतं काम. डंजन मास्टर मात्र टेबलावरच राहिला. राक्षसाला जेवायला बोलावण्याची सोय यंत्रात कुणीतरी आधीच लिहून ठेवावी लागते, आणि ते काम महागडं आणि वेळखाऊ. मग सोपा मार्ग निघाला. १९८६ मध्ये जपानमध्ये आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने तो मार्ग घराघरांत नेला. शेतात फिरा, छोटे राक्षस मारा, अनुभवाचे गुण मिळवा, लेव्हल वाढवा, मोठे राक्षस मारा. ते सूत्र आजही चालतं, आणि का चालतं हेही उघड आहे. केलेल्या कष्टाचा आकडा लगेच वाढलेला दिसतो. खऱ्या आयुष्यात असं कुठे होतं? महिनाभर अभ्यास करा, डोक्यावर 'लेव्हल अप' असं काही चमकत नाही. म्हणून हे सुख खोटं आहे असं मी म्हणणार नाही. ते अपुरं आहे.

आंधळी आजी आणि प्रामाणिकपणाचा गुण

अपुरेपणाची ही जाणीव फार लवकर झालेला एक माणूस होता, रिचर्ड गॅरियट. १९८५ मध्ये त्याने 'अल्टिमा ४' काढला. पूर्ण नावात 'अवतार' हा शब्द आहे, आपलाच, संस्कृतातला. आज आपण प्रोफाइल फोटोलाही अवतार म्हणतो, पण या गेममध्ये अवतार होणं हेच ध्येय होतं. शेवटी मारायला कुणी महाखलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता या आठ गुणांत तुम्हाला पूर्णत्वाला पोहोचायचं आहे.

यात औषधी वनस्पती विकणारी एक आंधळी बाई आहे. तुम्ही माल घेता आणि पैसे किती द्यायचे ते स्वतःच टाइप करता. तिला दिसत नाही. कमी दिलेत तरी ती ओरडत नाही, पोलीस येत नाहीत. गेम मात्र गुपचूप तुमच्या प्रामाणिकपणातून गुण कापतो आणि ते तुम्हाला फार पुढे कळतं. चाळीस वर्षांपूर्वीचा गेम, ठोकळ्या-ठोकळ्यांची चित्रं, पण खेळणाऱ्याला पेचात टाकणारा प्रश्न त्यात आहे: कुणी बघत नसताना तुम्ही कसे वागता?

निळं उत्तर, लाल उत्तर

पुढे हाच विचार इंडस्ट्रीने उचलला आणि त्याचा मीटर करून टाकला. कॅनडाच्या बायोवेअरची 'मास इफेक्ट' मालिका (२००७ ते २०१२) घ्या. मालिका म्हणून ती मला आवडते. पहिल्या भागातला तुमचा निर्णय तिसऱ्या भागापर्यंत सेव्ह फाइलमधून सोबत येतो, ही त्या काळात मोठी झेप होती. पण चांगलं वागलात तर निळे गुण, कठोर वागलात तर लाल गुण, ही व्यवस्था मात्र भूमिकेच्या मुळावर येते. एखाद्या बाजूचे गुण पुरेसे साठले नाहीत, तर पुढचे काही महत्त्वाचे संवाद बंदच राहतात. मग खेळणारा काय करतो? सुरुवातीलाच ठरवतो, "आपण सगळं निळं करायचं." त्यानंतर समोरचा माणूस काय म्हणतोय हे ऐकायची गरजच उरत नाही. रंग बघा, बटण दाबा.

हे म्हणजे इंटर्नल मार्कांसाठी लेक्चरला बसल्यासारखं झालं. हजेरी लागली, डोक्यात काय गेलं ते विचारू नका! शेवटी तिसऱ्या भागाचा शेवट आला तेव्हा जगभरचे चाहते भडकले. तीन गेम्समधले शेकडो निर्णय वाहून आणल्यावर समोर तीन पर्याय, आणि त्यांचे परिणाम दिसायला बरेचसे सारखे. ओरड एवढी झाली, की कंपनीला काही महिन्यांत शेवटाची वाढवलेली आवृत्ती मोफत द्यावी लागली. चाहत्यांच्या रागाची भाषा काही ठिकाणी घसरली, पण मुद्दा बरोबर होता. 'तुमच्या निर्णयाला किंमत आहे' असं वचन दिलं, की ते पाळावं लागतं.

परिणाम उशिरा यावेत

हे वचन पाळलेला गेम म्हणून मी पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा 'द विचर ३' (२०१५) पुढे करीन. थोडा स्पॉयलर आहे, खेळायचा असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.

वेलेन नावाच्या दलदलीच्या भागात एका टेकडीखाली, झाडाच्या मुळांमध्ये एक आत्मा कैद आहे. तो म्हणतो, "मला सोड, मी त्या अनाथ मुलांना वाचवतो." तो खरं बोलतोय का, हे कळायला मार्ग नाही. सोडलंत तर मुलं वाचतात, पण जवळचं गाव उद्ध्वस्त होतं आणि पुढे एका बाईचा जीव जातो. मारलंत तर ती बाई जगते, पण भान हरपलेली, आणि मुलं पुन्हा दिसत नाहीत. निळा नाही, लाल नाही, मीटर नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परिणाम लगेच कळत नाही. तुम्ही बराच पुढे गेल्यावर तो समोर येतो. जुनी सेव्ह फाइल उघडून निर्णय बदलायचा, तर मधला सगळा खेळ पुन्हा खेळावा लागतो. म्हणून बहुतेक जण निमूटपणे पुढे जातात, मनात ती टोचणी घेऊन. भूमिका म्हणतात ती हीच.

रीलोडचं बटण

आता तुमच्या-माझ्या सवयीबद्दल बोलू. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओचा 'बाल्डर्स गेट ३' २०२३ मध्ये आला आणि त्या वर्षीचा 'द गेम अवॉर्ड्स'मधला 'गेम ऑफ द इयर' ठरला. त्यात दरवाजा फोडण्यापासून पहारेकऱ्याला पटवण्यापर्यंत वीस बाजूंचा फासा स्क्रीनवर गडगडतो. फासा वाईट पडला, की पुष्कळ जण काय करतात? फटकन जुनी सेव्ह फाइल उघडतात आणि पुन्हा फासा टाकतात. मनासारखं होईपर्यंत!

गेम तुमचा, पैसे तुमचे, कसा खेळायचा तो खेळा. पण असं केल्यावर जे उरतं ते एका परफेक्ट माणसाचं चरित्र, जो कधी चुकला नाही, कधी हरला नाही, कुणाचा कधी शब्द मोडला नाही. अशा माणसाची गोष्ट सिनेमात दाखवली तर आपण अर्ध्या तासात उठून जाऊ. लॅरियनच्या लेखकांनी अपयशाचेही प्रसंग मेहनतीने लिहिले आहेत. रीलोड करणाऱ्याला ते दिसतच नाहीत.

अपयशाचा सर्वांत सुंदर वापर केला तो 'डिस्को एलिसियम'ने (२०१९). एस्टोनियन लेखक-कलाकारांच्या गटाने बनवलेला हा गेम. तुम्ही एक पोलीस डिटेक्टिव्ह आहात. दारू पिऊन एवढे बेहोश झालात, की स्वतःचं नावही आठवत नाही. छताच्या पंख्याला लटकलेला टाय काढताना हार्ट अटॅक येऊन पहिल्या काही मिनिटांतच मरू शकता, इतकी तब्येत नाजूक! नेहमीसारखी तलवारबाजी यात नाहीच. त्याऐवजी तुमच्या डोक्यातली चोवीस कौशल्यं तुमच्याशी बोलतात. लॉजिक एक सांगतं, एम्पथी दुसरं, इलेक्ट्रोकेमिस्ट्री म्हणतं, "चल, एक पेग मारू." शेजारी किम कित्सुरागी नावाचा शांत, नेमका सहकारी उभा असतो. थोड्या वेळाने लक्षात येतं, की खुनाचा तपास लावण्याइतकीच किमच्या नजरेत आपली किंमत राखण्याची धडपडही आपण करतोय.

या गेममध्ये फासे चुकले, तरी गोष्ट थांबत नाही. ती वेगळ्या, बऱ्याचदा जास्त मजेदार वळणावर जाते. आपल्या भाषेत सांगायचं, तर हा एटीकेटीवाला गेम आहे. नापास झालात, ठीक आहे, पुढच्या वर्गात चला, ओझं सोबत घेऊन. आरपीजीकडून मला हेच हवं आहे. परीक्षेत, इंटरव्ह्यूत, मैत्रीत चुकल्यावर पुढे कसं जगायचं याचा सराव करायला इतकी सुरक्षित जागा दुसरी कुठे मिळणार? तिथेही रीलोड दाबत बसलो, तर संधी फुकट गेली म्हणायची.

टोबी फॉक्सने बहुतांश एकट्याने बनवलेला 'अंडरटेल' (२०१५) तर या सवयीलाच हात घालतो. यात कुठल्याही शत्रूला न मारता गेम संपवता येतो. कुणाला मारलंत आणि मग वाईट वाटून रीलोड करून त्याला सोडलंत, तर एक पात्र चक्क तुम्हाला टोमणा मारतं, की मघाशी तू काय केलंस ते मला माहीत आहे. इतर गेम्समध्ये अनुभवाचे म्हणून जे गुण मिळतात, त्यांचा इथला अर्थ शेवटी उलगडतो तेव्हा अंगावर काटा येतो. ते गुण तुम्ही किती जीव घेतलेत, त्याचे असतात. 'ड्रॅगन क्वेस्ट'पासून आपण आनंदाने वाढवत आलेल्या त्या आकड्याकडे त्यानंतर पूर्वीसारखं बघता येत नाही.

"पण निवड नसलेले गेमही भारी असतात!"

हा आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. बहुतेक जपानी आरपीजींमध्ये नायक ठरलेला, गोष्ट ठरलेली. मग त्यात भूमिका नाही का? आहे ना! पुरुषोत्तम करंडकासाठी रात्र-रात्र तालीम करणाऱ्यांना विचारा. एकांकिकेची संहिता लिहिलेलीच असते, नटाला शेवट बदलता येत नाही, तरी तो भूमिका जगतोच. निवड हा भूमिकेकडे जाणारा एक रस्ता आहे, एकमेव नाही.

'पर्सोना ५' बघा. जपानमध्ये २०१६ साली आलेला. तुम्ही टोक्योतले शाळकरी विद्यार्थी. मुख्य गोष्ट ठरलेली आहे, पण हातात एक कॅलेंडर आहे आणि दिवस मोजके. आजची संध्याकाळ अभ्यासाला द्यायची, पार्टटाइम नोकरीला, की अडचणीत असलेल्या मित्राला? सगळं एकाच दिवशी होत नाही. गेमचा शेवट कुणाचाही फारसा वेगळा नसला, तरी 'मी वेळ कुणाला दिला' याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं असतं. कॉलेजात असलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

फोनवरची भूमिका

आपल्यातल्या बहुतेकांकडे गेमिंग पीसी नाही, फोन आहे. तिथे आरपीजी म्हटलं, की 'गेन्शिन इम्पॅक्ट'सारखी नावं येतात. २०२० मध्ये आला तेव्हा फोनवर एवढं देखणं जग चालतंय याचं सगळ्यांना अप्रूप वाटलं, मलाही. संगीत अप्रतिम. पण संवादाचे दोन पर्याय समोर आले, की एकदा हा आणि एकदा तो दाबून बघा. बहुतेक वेळा गोष्ट त्याच रस्त्याने जाते. तुमच्या निवडीला वजन आहे ते एकाच ठिकाणी, नवं पात्र मिळवायच्या लॉटरीत. नव्वद वेळा ओढल्यावर पंचतारांकित पात्र नक्की मिळणार, हा नियम. बक्षिसं उघडायला लागणारी ऊर्जा दर आठ मिनिटांना एक या वेगाने भरते, म्हणजे पुन्हा पुन्हा फोन उघडा.

फुकट गेम चालवायला कंपनीला पैसे लागतात, हे मान्य. पण या रचनेत तुमची खरी भूमिका कुठली, हे ओळखा. राजपुत्र, योद्धा, प्रवासी यातली कुठलीच नाही. तुमची भूमिका रोज दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाची आहे. खेळायचं तर खेळा, पण 'आज डेलीज राहिल्या' म्हणून रात्री दोनला डोळे चोळत लॉगिन करत असाल, तर तो खेळ राहिलेला नाही, ड्यूटी झालेली आहे.

आपल्या गोष्टी कुठायत?

भारतीय आरपीजी म्हटलं, की लगेच कुणीतरी म्हणतं, "आपल्याकडे पुराणं आहेत, महाभारत आहे, काढा की गेम!" काढावेत जरूर. पण मला जास्त उत्सुकता वेगळ्या रस्त्याची आहे, आणि तो रस्ता एका छोट्या भारतीय स्टुडिओने आधीच चोखाळला आहे. पायरोडॅक्टिलचा 'अनरेस्ट' २०१४ मध्ये आला. प्राचीन भारतासारख्या जगातलं भीमरा नावाचं शहर, तिथे दुष्काळ आणि असंतोष. तुम्ही वेगवेगळ्या माणसांच्या भूमिकेत शिरता. त्यातली एक आहे घरच्यांनी लग्न ठरवलेली खेड्यातली तरुणी. जगाला वाचवायचं वगैरे काही नाही. प्रश्न एवढाच: होकार द्यायचा, वाद घालायचा, की पळून जायचं? समोरच्याला तुमच्याबद्दल मैत्री वाटते, आदर वाटतो की भीती, यावर बोलणं ठरतं. गेम छोटा आहे, कच्चाही आहे. पण ड्रॅगनशी लढण्यापेक्षा ताटावर बसलेल्या बापाला 'नाही' म्हणणं अवघड असू शकतं, हे त्याला कळलेलं आहे. कोडिंग शिकणाऱ्या आणि एकांकिका लिहिणाऱ्या दोघांनी हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहून असा एखादा गेम करावा, एवढीच इच्छा.

पुढचा गेम घेण्याआधी

शेवटी तुमच्या उपयोगाचं. सेलमध्ये सवलत दिसली म्हणून साठ तासांचा गेम घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक, या गेममध्ये मी न लढता काही महत्त्वाचं करू शकतो का? दोन, मी चुकलो तर गोष्ट पुढे जाते, की फक्त 'गेम ओव्हर' येतं? तीन, माझ्या वागण्याची आठवण गेममधल्या कुणाला राहते का? तिन्हींची उत्तरं 'नाही' आली, तर तो आकडे वाढवायचा गेम आहे असं समजून घ्या आणि तेवढीच अपेक्षा ठेवा.

सुरुवात करायची असेल, तर 'अंडरटेल'पासून करा. जुन्या लॅपटॉपवरही चालतो आणि एका वीकेंडमध्ये संपतो. मराठी साहित्य वाचायची सवय असेल, तर 'डिस्को एलिसियम'. त्यात वाचायला भरपूर आहे, डिक्शनरी जवळ ठेवा. सुट्टी मोठी असेल, तर 'द विचर ३'. आणि कुठलाही घेतलात, तरी पहिल्या खेपेला एक नियम पाळून बघा: निर्णय घेतला की घेतला, रीलोड नाही.

मग कँटीनमध्ये कुणी विचारलं, "कुठवर आलास?" तर लेव्हल सांगू नका. काय केलंत आणि का केलंत, ते सांगा. समोरचा म्हणेल, "येडा आहेस का? मी तर उलटं केलं!" बसा मग भांडत. चहा येईलच.